जिंकलो की मोजणी खरी, हरलो की खोटी?

पत्राचा गोषवारा

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून, अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय अठ्ठावन्न, माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे १९९४ मध्ये तिकडे गेल्या, ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं थांबल्या, २००८ मध्ये नागरिक झाल्या. तेव्हापासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत त्यांचं मत रिपब्लिकन उमेदवाराला. त्यांचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. दुकानदारांची खाती आणि टॅक्स रिटर्न करतात. कर कमी असावेत, सरकारने घरात फार डोकावू नये, रांगेत उभं राहून आलेल्यांवर अन्याय होऊ नये, ही त्यांची मतं.

२०२० मध्ये ट्रम्प हरले तेव्हा निवडणूक चोरली गेली असं त्यांना मनापासून वाटलं. इतकं, की ५ जानेवारी २०२१ ला जॉर्जियात सिनेटच्या दोन जागांसाठी दुसऱ्या फेरीचं मतदान झालं, त्याला नवरा-बायको गेलेच नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. ताईंना आनंद झाला, आणि या वेळी मोजणीबद्दल मनात काही आलं नाही. त्याच महिन्यात महाराष्ट्रात विधानसभेचा निकाल लागला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी गावाहून भावाचा फोन आला. तो ईव्हीएमच्या नावाने बोटं मोडत होता. ताई हसून म्हणाल्या, "अरे, जूनमध्ये लोकसभेला तुमच्या तीस जागा आल्या, तेव्हा मशीन चांगली होती का? हरलात की मशीन वाईट!" फोन स्पीकरवर होता. शिकागोहून आलेली एकोणतीस वर्षांची लेक शेजारी भाजी चिरत होती. हातातली सुरी तशीच ठेवून तिने विचारलं, "आई, आणि २०२०?"

त्या दिवशी जे भांडण झालं त्यानंतर लेक कामापुरतंच बोलते. यंदा गणपतीला आली नाही, दिवाळीचंही काही सांगत नाही. ताई विचारतात: मी दुटप्पी आहे का? चुकले असं कबूल केलं, तर लेक माझी सगळी मतंच चुकीची ठरवेल. आणि खरं सांगायचं तर २०२० बद्दलची शंका मनातून पूर्ण गेलेलीही नाही. मग कबूल तरी काय करू?

उत्तर

ताई,

लेकीचा प्रश्न तुम्ही जसाच्या तसा लिहून पाठवलात. तो गाळून "मुलगी तुटक वागते, काय करू" एवढंच लिहिता आलं असतं, आणि मीही चार समजुतीचे शब्द लिहून मोकळी झाले असते. तुम्ही तसं केलं नाहीत. तो प्रश्न तुम्हाला लागला आहे, आणि तो लागावा असाच आहे.

आधी दुटप्पीपणाचं बघू, कारण त्या शब्दाने तुम्ही स्वतःला फार मारून घेताय असं मला दिसतं. नागरिक झाल्यावर तुमचं पहिलं मत २००८ मध्ये पडलं, म्हणजे जॉन मॅकेन यांना. ते हरले. २०१२ मध्ये मिट रॉम्नी. तेही हरले. त्या दोन निकालांबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे: "वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले." त्या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. अध्यक्षीय निवडणुकीत तुम्ही लागोपाठ दोनदा हरलात आणि दोन्ही वेळा निकाल स्वीकारलात. जी व्यक्ती जिंकल्यावरच मोजणी खरी मानते, ती तुम्ही नव्हता. मग २०२० मध्ये असं काय झालं?

मॅकेन हरले ती रात्र आठवून बघा, ४ नोव्हेंबर २००८. फीनिक्समध्ये ते समर्थकांसमोर उभे होते. त्यांनी ओबामांचं नाव घेतलं आणि गर्दीतून हुर्यो उठली. मॅकेननी हात वर करून त्यांना थांबवलं आणि प्रतिस्पर्ध्याचं मोकळ्या मनाने अभिनंदन केलं. त्या एका हाताने किती लाख लोकांना सांगितलं असेल की आता घरी जा, झोपा, उद्या कामाला लागा. २०२० मध्ये तुमच्या उमेदवाराने तो हात वर केला नाही. उलट मतमोजणी चालू असतानाच, मध्यरात्रीनंतर, आपण जिंकलोच आहोत असं जाहीर केलं, आणि पुढचे दोन महिने तेच सांगत राहिले. माणूस हरतो तेव्हा काही काळ बधिर असतो. त्या वेळी ज्याच्यावर आपला भरवसा आहे तो जे सांगेल ते आत उतरतं. तुम्ही बदललात असं मला वाटत नाही. तुम्हाला हार कशी घ्यायची हे सांगणारा माणूस बदलला.

म्हणून तुम्ही निर्दोष आहात असं मात्र मी म्हणणार नाही. कारण तुम्ही हिशेब तपासणाऱ्या बाई आहात. वर्षाअखेरीला एखादा दुकानदार तुमच्यासमोर बसून म्हणाला, "नफा एवढा कमी निघणं शक्यच नाही, पुस्तकं खोटी आहेत," तर तुम्ही त्याला काय सांगता? की नफा किती निघाला यावरून पुस्तकं खोटी ठरत नाहीत. बिलं काढा, बँकेचं स्टेटमेंट काढा, ताळा घेऊ. हे तुम्ही रोज करता. २०२० च्या बाबतीत तुम्ही ताळा घेतला का? पत्रावरून वाटतं, नाही. तुम्ही निकालाकडे पाहिलंत आणि पुस्तकं खोटी ठरवलीत.

चला, आज घेऊ. तुमच्याच राज्याचा.

३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री जॉर्जियात ट्रम्प पुढे होते. तुम्ही निश्चिंत झोपलात. शुक्रवारी, ६ तारखेला पहाटे बायडेन पुढे गेले. "रात्रीतून मतं आली कुठून?" हा तुमचा पहिला प्रश्न, आणि तो साहजिक आहे. करोनाच्या त्या वर्षी जॉर्जियात तेरा लाखांच्या आसपास लोकांनी पोस्टाने मत दिलं. पोस्टाच्या मतांवर भरवसा ठेवू नका असं ट्रम्प स्वतः महिनोन् महिने सांगत होते, त्यामुळे त्यांचे मतदार मोठ्या संख्येने केंद्रावर गेले आणि पोस्टाच्या गठ्ठ्यांत बायडेन यांची मतं जास्त निघाली. त्या गठ्ठ्यांना वेळ लागतो. पाकीट, सही, नोंद, मग मत. म्हणजे मतं आधीच येऊन पडलेली होती, मोजली नंतर गेली.

पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मशीनवर शंका आहे ना, तर कागद हाताने मोजा, ही मागणी होती. जॉर्जियात तेच केलं गेलं. तुमच्या राज्यात मशीनवर मत दिलं की छापील कागद बाहेर येतो आणि तोच स्कॅन होतो. ते कागद जपून ठेवलेले होते. नोव्हेंबरच्या मध्यावर राज्यातल्या १५९ काउंट्यांमध्ये (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या. टेबलाला दोघं. एकाने मतपत्रिका उचलून नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ते बघून खात्री करायची आणि त्या त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात ठेवायची. ज्या मतपत्रिकेवर खूण स्पष्ट नाही ती बाजूला काढायची, आणि दोन्ही पक्षांची माणसं असलेल्या समितीने ठरवायचं. दिवसचे दिवस हे चाललं.

आणि त्यात चुका सापडल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण "चूक झालीच नाही" असं कुणी म्हणालं की तुमच्यातली हिशेबनीस खवळते, आणि बरोबरच आहे. फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० मतपत्रिका स्कॅन करायच्याच राहिल्या होत्या. फेएट काउंटीत एका मेमरी कार्डावरची मतं बेरजेत आली नव्हती. ही मतं धरल्यावर बायडेन यांची आघाडी घटली, कारण राहिलेल्या मतांमध्ये ट्रम्प यांची जास्त होती. आधी साधारण १४ हजारांची आघाडी होती, ती १२,६७० वर आली. मग ट्रम्प यांच्या प्रचार यंत्रणेने मागितल्यावर मशीनने आणखी एकदा मोजणी झाली आणि अखेरचा आकडा ठरला ११,७७९. तीन मोजण्या, तीन थोडे वेगळे आकडे, निकाल एकच. तुमच्या भाषेत सांगायचं तर ताळ्यात किरकोळ फरक आला, तो शोधला, नोंदवला, आणि ताळेबंद उभा राहिला.

आणखी दोन गोष्टी तुम्ही पत्रात म्हटल्या आहेत. एक, मेलेल्या माणसांच्या नावाने हजारो मतं पडली. राज्याने तपास केला तेव्हा अशी मतं चार निघाली. दुसरी, अटलांटाच्या त्या मतमोजणी केंद्रावर टेबलाखालून मतपत्रिकांच्या बॅगा काढल्याचं चित्रण. तुम्ही ते तुमच्या ग्रुपवर पुढे पाठवलं होतं. राज्याच्या तपासनिसांनी त्या रात्रीचं पूर्ण चित्रण पाहिलं. त्या मतपत्रिका ठेवायच्या नेहमीच्या पेट्या होत्या, निरीक्षक खोलीत असतानाच भरून टेबलाखाली सरकवलेल्या. त्या चित्रणात दिसणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये एक आई आणि तिची मुलगी होती. ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांनी त्यांच्यावर जाहीर आरोप केले, त्यानंतर त्यांना इतक्या धमक्या आल्या की आईला घर सोडून राहावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने जुलियानींना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. आयुष्यभर प्रामाणिकपणे कामाला जाणाऱ्या मायलेकी होत्या त्या. ते चित्रण पुढे पाठवताना तुमच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मी जाणते. पण ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं ते तुमच्या-आमच्यासारख्या लाखो साध्या माणसांच्या बोटांवरूनच. या एका गोष्टीचं वाईट वाटून घ्या. बाकीच्यांचं नंतर बघू.

"पण ही सगळी त्यांचीच माणसं ना?" नाही, ताई. तुमची माणसं. जॉर्जियाचे निवडणूक प्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर रिपब्लिकन, त्यांनी मतही ट्रम्प यांनाच दिलेलं. गव्हर्नर ब्रायन केम्प रिपब्लिकन. ट्रम्प यांचे स्वतःचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, विल्यम बार १ डिसेंबर २०२० ला म्हणाले की निकाल फिरेल एवढा गैरप्रकार आढळलेला नाही. देशभर साठाहून जास्त दावे दाखल झाले, आणि ते फेटाळणाऱ्या न्यायाधीशांत ट्रम्प यांनी नेमलेलेही होते. पुढे २०२२ मध्ये माजी न्यायाधीश मायकेल लटिग, माजी सिनेटर जॉन डॅनफर्थ अशा नावाजलेल्या परंपरावाद्यांनी एकत्र बसून हे सगळे दावे पुन्हा तपासले आणि हार ही हारच होती असा निष्कर्ष काढला. तुमच्या लेकीचं ऐकायला नको, माझंही नको, यांचं ऐका.

तरीही शंका उरते, असं तुम्ही म्हणता. त्यावर एक प्रश्न स्वतःला विचारून बघा, एकांतात, कागदावर लिहून: मला काय दाखवलं तर माझी शंका फिटेल? ज्या शंकेला याचं उत्तर देता येतं ती निरोगी असते. "हाताने मोजा", आणि मोजलं की ती शांत होते. पण हाताने मोजल्यावर मोजणारे विकले गेलेले, न्यायाधीशांनी तपासल्यावर न्यायाधीश घाबरलेले, आपल्याच पक्षाच्या माणसाने सांगितल्यावर तो गद्दार, असं होत असेल, तर तिला उत्तर नकोच आहे. तिच्या तळाशी हरल्याचं दुःख असतं. आणि ते दुःख खोटं नसतं! तुम्ही लिहिलंय की त्या आठवड्यात तुम्हाला वाटलं, आपला हा देश आता आपला राहिला नाही. पंचवीस वर्षं ज्या रांगेत उभं राहून घर केलं ते कुणीतरी हातातून काढून घेतंय. त्या दुःखाला तेव्हा कुणी जागाच दिली नाही. लेकीने चिडवलं, ग्रुपने भडकवलं. रडायचं राहिलं आणि त्याचा संशय झाला.

त्या संशयाने नुकसान कुणाचं केलं तेही बघा. ५ जानेवारी २०२१. दोन जागा, आणि सिनेट कुणाच्या हातात जाणार ते त्या दोन जागांवर ठरणार होतं. "मत दिलं तरी चोरणारच," म्हणून तुम्ही दोघं घरी बसलात. तुमच्यासारखे आणखीही बसले. दोन्ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन ऑसॉफ आणि राफाएल वॉर्नॉक यांनी जिंकल्या, आणि सिनेट ५०-५० होऊन उपाध्यक्षांच्या मताने त्या पक्षाकडे गेलं. ज्या करांसाठी, ज्या न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी तुम्ही मत देत आलात, ते सगळं त्या दिवशी पणाला लागलं होतं. तुमचं मत कुणी चोरलं नाही, ताई. ते तुम्ही घरी ठेवलंत. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण पत्रात त्या दिवसाचा उल्लेख तुम्ही दोनदा केला आहे. मला वाटतं तुम्हाला हे आधीच कळलेलं आहे.

आता दुसरी बाजू. लेक हे वाचत असेल किंवा तिच्यासारखी मुलं वाचत असतील, तर त्यांनी हा भाग सोडू नये. हरल्यावर मोजणीवर घसरणं ही एकाच पक्षाची खोड नाही. २००५ मध्ये ओहायोच्या मतांवर अमेरिकेच्या संसदेत हरकत घेणारे डेमोक्रॅट होते. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या मतांवर हरकती घेणारेही तेच, आणि त्यांना हातोडा आपटून गप्प बसवणारे अध्यक्षस्थानी कोण होते, तर उपाध्यक्ष जो बायडेन. जॉर्जियातच २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्टेसी अब्राम्स गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्या, तेव्हा केम्प गव्हर्नर होणार हे त्यांनी मान्य केलं, पण हार मान्य करायला नकार दिला. तुम्ही हे लेकीच्या तोंडावर फेकलंत असं पत्रात आहे. मुद्दा खरा आहे. पण २०२० मध्ये जे झालं त्याची व्याप्ती आणि ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर जमाव चालून गेला तो त्याचा शेवट यांच्या जवळपासही ते जात नाही, हेही खरं आहे. आणि भांडणात "तुमच्यातलेही" हा शब्द आला की समोरचा माणूस ऐकणं थांबवतो, मग मुद्दा कितीही खरा असो.

६ जानेवारीवरून आठवलं. अमेरिकेत राज्यांकडून आलेल्या प्रतिनिधींच्या मतांची (इलेक्टोरल मतांची) अखेरची मोजणी संसदेत उपाध्यक्षांच्या समोर होते. म्हणजे कधी कधी हरलेल्या माणसालाच स्वतःची हार वाचून दाखवावी लागते. १९६१ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी ती वाचली, २००१ मध्ये अल गोर यांनी, फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी सगळं हुकल्यावर. ६ जानेवारी २०२५ ला कमला हॅरिस यांनी वाचली: ट्रम्प ३१२, हॅरिस २२६. त्या दिवशी टीव्हीसमोर तुम्ही होतात का? असाल, तर तुमच्या उमेदवाराचा विजय एका हरलेल्या बाईने ताठ मानेने तुमच्या हाती दिला. आणि थोरल्या बुश यांनी जानेवारी १९९३ मध्ये कार्यालय सोडताना क्लिंटन यांच्यासाठी टेबलावर जी चिठ्ठी ठेवली, तुमचं यश हेच आता देशाचं यश, असं सांगणारी, ती तर तुमच्याच घराण्यातली. परंपरा जपायची म्हणता ना? ही तुमची परंपरा आहे.

आता भाऊ. त्याच्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला तो या गोष्टीत फार मोठा वाटतो. तुमच्या हसण्यात तथ्य होतं. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या तेव्हा मशीनबद्दल त्यांच्याकडून फारसं ऐकू आलं नाही. २३ नोव्हेंबरला महायुतीला २८८ पैकी २३० च्या पुढे जागा गेल्या आणि आरोप सुरू झाले. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने तर मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचा घाट घातला, तो प्रशासनाने थांबवला. पण हेही आठवा की २००९ मध्ये हरल्यावर ईव्हीएमवर बोट ठेवणारे भाजपचे नेते होते. खुर्च्या बदलल्या, वाक्यं तीच राहिली.

मी प्राध्यापिका असताना दोनदा इलेक्शन ड्युटी केली आहे. आदल्या रात्री शाळेच्या वर्गात बाकं सारून झोपायचं. पहाटे सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट यायचे, त्यांच्यासमोर मॉक पोल व्हायचा, किमान पन्नास मतं, मग बेरीज जुळवून दाखवायची, मशीन क्लिअर करायचं, सील लावायचं, त्यावर सगळ्यांच्या सह्या. संध्याकाळी १७ सी नमुन्यावर एकूण मतांचा आकडा लिहून प्रत्येक एजंटाच्या हातात प्रत. एका केंद्रावर एक म्हातारे एजंट प्रत्येक सील चष्मा वर करून वाचत होते. आमचा एक शिपाई वैतागला. मी त्याला म्हटलं, वाचू दे. ते काका माझ्यावर अविश्वास दाखवत नव्हते, ते माझं काम पक्कं करत होते. आपण दिलेलं मत कागदी चिठ्ठीवर दाखवणारं व्हीव्हीपॅट आलं तेही शंकेमुळेच: सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने आणायला सांगितलं. म्हणून भावावर हसू नका. त्याला विचारा, तुझ्या बूथवरची १७ सीची प्रत कुणाकडे आहे, आकडा जुळतो का बघितलंस का? जुळत नसेल तर त्याने भांडावं. जुळत असेल तर त्याने हार घ्यावी. तुम्हाला मी जे सांगते आहे, तेच.

आणि म्हणूनच माझं म्हणणं, लेकीशी बोलण्याआधी भावाला फोन करा. त्याला सांगा की त्या दिवशी मी हसले, पण २०२० मध्ये मीही तुझ्याच जागी होते. हे वाक्य एकदा त्याच्यापाशी तोंडातून निघालं की लेकीपाशी अडखळणार नाही. भावाबहिणीत चूक मान्य करायला लहानपणापासूनची सवय असते. लेकीपुढे आईपण आडवं येतं.

लेकीला काय सांगायचं, यात तुमचा एक समज मला तपासून बघावासा वाटतो. २०२० ची चूक कबूल केली की सगळी मतं गेली, असं तुम्ही धरून चालला आहात. का बरं? कर कमी असावेत हे मत आणि जॉर्जियात मतं चोरली गेली ही समजूत, यांचा एकमेकांशी काय संबंध? एक विचार आहे, दुसरी माहिती. माहिती चुकीची निघाली तर विचार पडत नाही. उलट आज तुमचे सगळे विचार लेकीला त्या एका समजुतीच्या रंगात दिसतात. ती बाजूला काढून ठेवलीत तर कदाचित वर्षानुवर्षांत पहिल्यांदा ती तुम्हाला विचारेल, की आई, इमिग्रेशनबद्दल तुला खरंच काय वाटतं? आणि तेव्हा त्या ग्रीन कार्डाच्या रांगेची गोष्ट तुम्हाला सांगता येईल. ती तिला माहीत नसेल, लहान होती ती.

बोलताना लांबण लावू नका. "तू विचारलंस ते बरोबर होतं. २०२० मध्ये मी ताळा न घेता पुस्तकं खोटी ठरवली. २०२४ मध्ये राज्यात तीच मशीन होती, ट्रम्प लाखाहून जास्त मतांनी जिंकले, आणि मी काहीच विचारलं नाही. माझं मत आजही तेच आहे, पण तेव्हाचं माझं म्हणणं चुकीचं होतं." एवढंच. त्यापुढे "पण" लावून अब्राम्स यांचं नाव घेऊ नका. तिने त्यावर लगेच गळ्यात पडावं अशी अपेक्षाही ठेवू नका. कदाचित ती म्हणेल, "ओके." तेवढ्यावर फोन ठेवा. पुढच्या वेळी ती आपणहून बोलेल की नाही हे मला सांगता येत नाही, पण दार तुमच्या बाजूने लावलेलं राहणार नाही.

नवऱ्याचं मत बदलायची जबाबदारी घेऊ नका. त्यांना फक्त सांगा की मी लेकीला काय सांगणार आहे. तिला ते दुसरीकडून कळायला नको आणि त्यांनाही. ग्रुपवर जाहीर कबुलीची गरज नाही. मात्र ते बॅगांचं चित्रण ज्यांना पाठवलं होतं, त्यांना एक ओळ पाठवा की ते खरं नव्हतं. मायलेकींसाठी.

आणि एक काम, तुमच्या हाताला जमेल असं. जॉर्जियात काउंटीचे नागरिक मतदान कर्मचारी म्हणून काम करू शकतात. प्रशिक्षण देतात, थोडं मानधनही असतं. नोव्हेंबर २०२६ ला मध्यावधी निवडणूक आहे. आपल्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयात अर्ज द्या. पाकिटं, नोंदी, बेरजा, सह्या, हे तुमचंच क्षेत्र. एक दिवस त्या टेबलाशी बसलात की उरलेली शंका कुठे टिकते आणि कुठे गळते, ते तुमचं तुम्हालाच कळेल. एखादी त्रुटी दिसली तर ती नोंदवायला तुमच्यासारखी डोळस बाई तिथे असलेली मला हवी आहे. तुमचा पक्ष जिंको वा हरो, त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर लेकीला सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

दिवाळीचा फराळ शिकागोला नेहमीसारखा पाठवा. चिवडा, चकल्या, तिला आवडतात ते बेसनाचे लाडू. डब्यात चिठ्ठी घालू नका. हे बोलणं आवाजात व्हायला हवं.